‘उद्या’चे ऋण : काही स्पॅनिश कालवाचक शब्द आणि एक नैतिक प्रश्न

१

परभाषा शिकू लागलेल्याला पहिल्याच आठवड्यात जे शब्द ‘सोपे’ म्हणून दिले जातात, त्यांत वारांची नावे, ‘काल-आज-उद्या’ आणि घड्याळातील वेळ सांगण्याचे प्रकार हमखास असतात. या शब्दांना प्रतिशब्द लगेच मिळतात. तक्ता पाठ केला की काम झाले, अशी समजूत होते. वास्तविक, अमूर्त संकल्पनांचे शब्द वाचकाला सावध तरी करतात. हे रोजचे शब्द मात्र त्याला बेसावध ठेवतात. ‘मान्याना’ म्हणजे ‘उद्या’ एवढे कळले, की तो शब्द उच्चारणाऱ्याने आपल्याला नेमके काय देऊ केले आहे, हा प्रश्नच पडेनासा होतो.

स्पॅनिश गद्यात या प्रश्नाला अढळ स्थान मिळवून देणारा लेखक म्हणजे मारिआनो होसे दे लार्रा (१८०९–१८३७). त्याचा ‘बुएल्वा उस्तेद मान्याना’ हा लेख १८३३ मधील. माद्रिदमध्ये एक फ्रेंच गृहस्थ येतो. त्याचे नावच मुळी ‘विनाविलंब’ अशा अर्थाचे आहे. आपली कौटुंबिक व आर्थिक कामे पंधरा दिवसांत उरकण्याचा त्याचा बेत असतो. वंशावळ शोधून देणारा, शिंपी, चांभार, टोपीवाला आणि अखेर सरकारी कचेरी, सगळीकडे त्याला एकच वाक्य ऐकू येते. दारात येणारी मोलकरीण दर खेपेला नवे कारण देते. धनी अजून उठले नाहीत, आत्ताच बाहेर गेले, दुपारची झोप घेत आहेत. सहा महिन्यांनी तो गृहस्थ हात हलवीत मायदेशी परततो. लेखाच्या शेवटी निवेदक स्वतःची कबुली देतो : या लेखाचे शीर्षक त्याने तीन महिन्यांहून अधिक काळ टिपून ठेवले होते आणि रोज तो लिहिणे उद्यावर ढकलीत होता.

हा लेख वाचताना मराठी वाचकाला हसू येते. पण ते परक्या देशाची गंमत पाहिल्याचे हसू नसते. ‘उद्या या’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांत ज्याने ऐकलेले नाही असा माणूस विरळा. म्हणूनच या लेखातून निष्पन्न होणारा प्रश्न केवळ स्पॅनिश भाषेच्या अभ्यासकांचा राहत नाही. प्रश्न असा : ‘उद्या’ म्हणणारा जेव्हा उद्याही तेच म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलतो काय? की त्या भाषेत त्या शब्दाचा अर्थच ‘उद्या’ नसून ‘आज नाही’ एवढाच आहे, आणि आपण केवळ कोश उघडून त्याच्यावर असत्याचा आरोप करीत आहोत? पहिले उत्तर दिले तर एका लोकसमूहावर अन्याय होण्याचा संभव आहे; दुसरे दिले तर खिडकीपाशी ताटकळणाऱ्या माणसावर. या दोन अन्यायांच्या मधून वाट काढता येते काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

२

प्रथम शब्दांकडे वळू. ‘मान्याना’ हा शब्द लॅटिनमधील सकाळवाचक ‘माने’ या शब्दावरून आलेला आहे. स्पॅनिशमध्ये तो ‘सकाळ’ आणि ‘उद्या’ असे दोन्ही अर्थ वाहतो. त्यामुळे ‘उद्या सकाळी’ म्हणायचे तर तोच शब्द दोनदा उच्चारावा लागतो : ‘मान्याना पोर ला मान्याना’. स्त्रीलिंगी उपपद लावले की तो ‘सकाळ’ होतो; पुल्लिंगी उपपद लावले की ‘भविष्यकाळ’. ‘तार्दे’ हे नाम म्हणून ‘दुपारनंतरचा वेळ’ आणि क्रियाविशेषण म्हणून ‘उशिरा’. मध्यरात्र ते उजाडणे या कालखंडाला ‘माद्रुगादा’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि त्याच्याशी संबद्ध असे ‘माद्रुगार’, म्हणजे पहाटे उठणे, हे क्रियापदही. ‘आमानेसेर’ म्हणजे उजाडणे. पण हे क्रियापद माणसालाही चालते. ‘आम्ही तोलेदोत उजाडलो’ अशी शब्दशः रचना तेथे सहज होते. मराठीत माणूस उजाडत नाही. त्याला ‘पोचेपर्यंत उजाडते’. एका भाषेत कर्ता पहाटेच्या आत आहे, दुसरीत पहाट त्याच्यावर येते.

अशा भेदांइतकीच साम्येही उद्बोधक आहेत. स्पॅनिश माणूस एका आठवड्याने भेटू म्हणताना ‘ओचो दीआस’, म्हणजे ‘आठ दिवस’ म्हणतो, आणि दोन आठवड्यांना ‘किन्से दीआस’, म्हणजे ‘पंधरा दिवस’. मराठी माणूसही ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो आणि सात दिवसांच्या कालखंडाला बिनदिक्कत ‘आठवडा’ म्हणतो. दोन्हीकडे आरंभीचा व शेवटचा असे दोन्ही दिवस धरून गणना केलेली आहे. आता एखाद्या काटेकोर माणसाने ‘आठ दिवस म्हणालात आणि सातव्याच दिवशी आलात’ असा आक्षेप घेतला तर आपण त्याला सत्यनिष्ठ म्हणणार नाही. त्याला भाषा येत नाही असे म्हणू. ‘दुपार’ म्हणजे दोन प्रहर आणि ‘सिएस्ता’ म्हणजे रोमन दिवसाचा सहावा तास. दोन्ही शब्द उगवतीपासून मोजलेल्या मध्यान्हाचेच आहेत, आणि दोन्ही आता मध्यान्हावरून पुढे सरकले आहेत. एक दिवसाच्या उत्तरभागावर, दुसरा वामकुक्षीवर.

याहून दूरचे एक नातेही येथे नोंदवण्याजोगे आहे. ‘आत्ता’ या अर्थाचा ‘आओरा’ हा शब्द ‘या तासाला’ अशा लॅटिन वाक्यखंडातून आलेला आहे, आणि त्यातील ‘ओरा’ हा मुळात ग्रीक शब्द. तोच ग्रीक शब्द ज्योतिषाबरोबर भारतात ‘होरा’ म्हणून आला. वराहमिहिराने ‘अहोरात्र’ शब्दाची पहिली व शेवटची अक्षरे गाळून त्याची व्युत्पत्ती नोंदवली, ती गोष्ट निराळी. मराठीत ‘माझा होरा खरा ठरला’ म्हणताना आपण वेळेचा शब्द अंदाजासाठी वापरतो. म्हणजे एकाच शब्दाने एका टोकाला ‘या क्षणी’ असा अर्थ घेतला आणि दुसऱ्या टोकाला ‘पुढे काय होईल याचा तर्क’ असा. काळाचे शब्द आपल्या मूळ मोजमापाला बांधलेले राहत नाहीत, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

वारांच्या नावांतही हेच दिसते. ‘लूनेस’, ‘मार्तेस’, ‘मिएर्कोलेस’, ‘ख्वेबेस’, ‘बिएर्नेस’ ही नावे अनुक्रमे चंद्र, मंगळ, बुध, गुरू व शुक्र यांची. म्हणजे आपल्याच वारांचा क्रम. ग्रहांच्या होरांवरून सिद्ध होणारा हा क्रम हेलेनिस्टिक जगातून पूर्व-पश्चिम दोन्हीकडे गेला. ४८४ सालच्या एरणच्या स्तंभलेखात गुरुवारचा निर्देश आहे. स्पॅनिशने त्यापुढील दोन दिवस मात्र बदलून घेतले : ‘साबादो’ यहुदी विश्रांतिदिनाचा आणि ‘दोमिंगो’ प्रभूचा. शेजारच्या पोर्तुगीजने तर ग्रहदेवतांची नावे पूर्णपणे टाकून दिली आणि सोमवारापासून ‘दुसरा, तिसरा’ असे अंक दिले. सहाव्या शतकातील ब्रागाच्या मार्टिन या बिशपने वारांच्या मूर्तिपूजक नावांवर कडक टीका केली होती. गोव्यात १५१० ते १९६१ असे साडेचारशे वर्षे पोर्तुगीज राज्य होते. तरी गोव्याचा ख्रिस्ती माणूस कोकणीत आजही ‘सोमार, मंगळार, बिरेस्तार, आयतार’ असेच म्हणतो. त्या ‘बिरेस्तारा’त बृहस्पती आहे आणि ‘आयतारा’त आदित्य; पण आयताराला चर्चमध्ये जाणाऱ्याने सूर्याची उपासना केली, असे कोणीही म्हणणार नाही.

या उदाहरणांवरून एक प्राथमिक तत्त्व हाती येते. शब्दाचा व्युत्पत्तिगत किंवा अक्षरशः अर्थ आणि तो वापरणाऱ्याने स्वीकारलेली बांधिलकी या दोन भिन्न गोष्टी आहेत. उत्तरकालीन विट्गेन्स्टाइनने अर्थाचा शोध वापरात घ्यावा असे सुचवले, जे. एल. ऑस्टिन यांनी, त्यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, उच्चारण ही एक कृती असते हे दाखवले. ‘आठ दिवस’ ही सात दिवसांविषयीची असत्य माहिती नाही आणि ‘आयतार’ ही श्रद्धेची कबुली नाही. मग ‘मान्याना’ हे वचन आहे, असे तरी आपण कशावरून गृहीत धरतो?

३

या टप्प्यावर एक मोहक पण घातक निष्कर्ष समोर येतो. ज्यांच्या भाषेत ‘सकाळ’ व ‘उद्या’ यांना एकच शब्द आहे, ‘दुपार’ व ‘उशीर’ यांना एकच शब्द आहे, त्यांची कालजाणीवच सैल असली पाहिजे, असा तो निष्कर्ष. भाषेच्या घडणीवरून तिच्या भाषकांची काळाची कल्पना ठरवण्याच्या प्रयत्नांपैकी बेंजामिन ली व्होर्फ यांचे होपी भाषेविषयीचे विवेचन सर्वांत प्रसिद्ध; आणि एक्केहार्ट मालोत्की यांनी १९८३ मध्ये होपीतील कालवाचक सामग्री तपशिलाने मांडून त्याला दिलेले उत्तरही अभ्यासकांना परिचित आहे. परंतु मराठी वाचकाला त्यासाठी होपीपर्यंत जाण्याची गरज नाही. आपला ‘परवा’ हा शब्द उद्याच्या पलीकडच्या दिवसालाही चालतो आणि कालच्या अलीकडच्या दिवसालाही, ‘तेरवा’ही तसाच. यावरून मराठी माणसाला भूत व भविष्य यांतील फरक कळत नाही असे अनुमान कोणी काढले तर ते आपल्याला हास्यास्पद वाटेल, कारण ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जाईन’ यांत क्रियापद आपले काम चोख करते. स्वतःच्या भाषेविषयी जे हास्यास्पद वाटते ते दुसऱ्याच्या भाषेविषयी उद्बोधक वाटू लागते, हीच येथील पहिली नैतिक चूक होय.

‘स्पॅनिश माणूस उशिरा जेवतो, उशिरा झोपतो’ हे विधानही तपासून पाहण्यासारखे आहे. भौगोलिकदृष्ट्या माद्रिद ग्रीनिचच्या पश्चिमेस आहे. मार्च १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीत तेथील घड्याळे एक तास पुढे सरकवून मध्य युरोपच्या वेळेशी जोडण्यात आली, आणि पुढे ती पूर्ववत झाली नाहीत. परिणामी उन्हाळ्यात माद्रिदमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सव्वादोन वाजलेले असतात. दोनच्या सुमारास जेवणारा माणूस सूर्याच्या हिशेबाने मध्यान्हीच जेवत असतो. ‘तार्दे’ तेथे घड्याळाच्या बाराला सुरू होत नाही. साधारणतः जेवण झाल्यावर सुरू होते, आणि तोवर अभिवादन सकाळचेच राहते. येथे उशीर माणसाने केला की घड्याळाने, याचे उत्तर देण्यापूर्वी घड्याळ कोणी लावले हे विचारावे लागते.

हा प्रश्न विचारला की आळसाच्या आरोपाचा इतिहासही निराळा दिसू लागतो. इंग्रजी भाषेने ‘मान्याना’ हा शब्द उसना घेतला तो ‘अनिश्चित भविष्यकाळ’ या अर्थाने. म्हणजे स्पॅनिश भाषकांचा शब्द त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणूनच परभाषेत रुजला. उत्तरेकडचे प्रवासी स्पेनला आळशी म्हणत होते, आणि त्याच काळात स्पॅनिश सत्ताधारी फिलिपिन्सच्या रहिवाशांना आळशी म्हणत होते. होसे रिसाल यांनी १८९० मध्ये ‘ला सोलिदारिदाद’ या नियतकालिकातून, फिलिपिनोंच्या आळसावर, स्पॅनिश भाषेतच, एक दीर्घ निबंध लिहिला. त्यांची भूमिका लक्षणीय आहे. आळस नाहीच, असा बचाव त्यांनी केला नाही. तो आहे, पण तो कारण नसून परिणाम आहे, असे त्यांचे म्हणणे. स्पॅनिश येण्यापूर्वी चालणारा व्यापार, त्यानंतरची वेठबिगार, श्रमाचे फळ हातात राहण्याची शाश्वती नसणे, शिक्षणाची दुरवस्था या गोष्टी त्यांनी मांडल्या. ज्याचा उद्या त्याच्या स्वतःच्या हातात नाही, तो आज कशासाठी राबेल, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आपल्या शब्दांत सांगता येईल. सहा वर्षांनी, १८९६ मध्ये, स्पॅनिश सत्तेने रिसाल यांना गोळ्या घालून ठार केले.

लार्रा आणि रिसाल यांना शेजारी ठेवून वाचले म्हणजे ‘आळशी राष्ट्र’ ही कोटी किती निरुपयोगी आहे हे कळते. एका साम्राज्याच्या राजधानीत आणि त्याच साम्राज्याच्या वसाहतीत तोच आरोप केला जातो. प्रत्येक ठिकाणी आरोप करणारा वेगळा. आरोपाचा आशय समान असला तरी त्याचे नैतिक वजन आरोप करणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून आहे. लार्राला हे ठाऊक होते. त्याने परदेशीयांच्या अतिरंजित कल्पनांचा उल्लेख करूनच लेखाला आरंभ केला आणि शेवट स्वतःवर दोष घेऊन केला. ‘ते असे आहेत’ आणि ‘आपण असे आहोत, मीही’ ही दोन वाक्ये व्याकरणाने जवळची असली तरी नीतीच्या दृष्टीने एका जातीची नव्हेत.

४

आता दुसऱ्या बाजूचा धोका. पहिल्या चुकीची जाणीव झालेला आजचा सुसंस्कृत वाचक सहसा उलट टोकाला जातो. प्रत्येक संस्कृतीची कालव्यवस्था स्वायत्त असते. ‘मान्याना’ हा तेथील सौजन्याचा शब्द आहे. त्याचे घड्याळाने मोजमाप करणे ही परकी सक्ती आहे, अशी ही भूमिका. तिला आधार नाही असे नाही. मेक्सिकोतील ‘आओरिता’ हा शब्द ‘आओरा’चे लघुत्वदर्शक रूप. रूपावरून तो ‘अगदी आत्ता’ असा वाटतो; वापरात तो ‘आत्ता’पासून ‘थोड्या वेळाने’पर्यंत आणि काही वेळा ‘बहुधा नाहीच’ इथपर्यंत ताणला जातो. पुएर्तो रिकोसारख्या कॅरिबियन प्रदेशात तर त्याचा रूढ अर्थच ‘नंतर’ असा आहे. ‘या’ हा एकाक्षरी शब्द ‘आधीच’, ‘आता’ आणि ‘होईल, काळजी नको’ असे तिन्ही अर्थ सुरानुसार देतो.

मराठीला हे अपरिचित नाही. घरातून बाहेर पडणारा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. हाक मारली असता अजून जागेवरून न उठलेला माणूस ‘आलोच’ असे भूतकाळात उत्तर देतो. या बोलण्याला असत्य म्हणणारा माणूस घरात राहण्यास अयोग्य ठरेल. ‘येतो’ हे आगमनाचे वेळापत्रक नसून निरोपाचे अशुभ टाळण्याची रीत आहे, आणि ऐकणारालाही ते ठाऊक असते. दोघांनाही ठाऊक असणे हाच येथील कळीचा मुद्दा. फसवणुकीला एकाचे अज्ञान लागते. जेथे दोघेही अर्थाची लवचिकता जाणतात तेथे फसवणूक संभवत नाही.

असे असेल तर लार्राची मोलकरीण व तिचा धनी निर्दोष ठरतात काय? माद्रिदच्या रहिवाशाला, म्हणजे निवेदकाला, त्या वाक्याचा अर्थ पहिल्यापासून ठाऊक आहे. फक्त परदेशी पाहुण्याला तो नाही. मग दोष पाहुण्याच्या अज्ञानाचा, असे म्हणावे लागेल. येथेच ही उदार भूमिका अपुरी पडते. ज्याला अर्थ ठाऊक आहे त्याचेही काम होत नाहीच. शब्दाची लवचिकता कळल्याने ताटकळणे कमी होत नाही. कमी होते ती फक्त तक्रार करण्याची हिंमत. ‘आपल्याकडे असेच चालते’ हे वाक्य पुष्कळदा सहिष्णुतेचे म्हणून उच्चारले जाते, पण ते ज्याच्या तोंडी असते त्याचे सहसा काही अडलेले नसते.

म्हणून लवचिक कालशब्दांच्या बाबतीत एक कसोटी सुचवावीशी वाटते : तो शब्द उलटून म्हणता येतो काय? मित्राने मला ‘आओरिता’ म्हटले तर मीही त्याला पुढच्या वेळी तसेच म्हणू शकतो. लवचिकतेचा लाभ व तोटा दोघांत वाटला जातो आणि ती खऱ्या अर्थाने सामाईक रीत ठरते. घरातल्या ‘येतो’चेही तसेच. परंतु कचेरीतला कारकून अर्जदाराला ‘मान्याना’ म्हणू शकतो. अर्जदार कर भरण्याच्या बाबतीत त्याच कचेरीला ‘मान्याना’ म्हणू शकत नाही. येथे शब्द तोच, भाषा तीच, सुरही तितकाच सौजन्याचा. पण लवचिकता एकाच्या मालकीची झालेली असते. संस्कृतीच्या नावाने या शब्दाचे समर्थन करणारा नकळत त्या मालकीचे समर्थन करीत असतो. अर्थ वापरात असतो हे खरे. पण वापर करणारे दोन असतात, बोलणारा आणि वाट पाहणारा, आणि अर्थनिर्णय करताना दुसऱ्याची साक्ष काढलीच पाहिजे.

५

तरीही मूळ प्रश्न उरतोच. कारकुनाचे ‘उद्या’ हे नेमक्या कोणत्या जातीचे उच्चारण आहे? ते असत्य विधान नाही, कारण ते विधानच नाही. सरळ वचनभंग म्हणावा तर ‘मी उद्या करून देईन’ असे तो म्हणालेला नाही. फक्त ‘उद्या पुन्हा या’ एवढेच म्हणाला आहे. मराठी व स्पॅनिश या दोन्ही भाषांतील दुकानांत आढळणारी एक पाटी येथे उपयोगी पडेल. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असे. अजूनही कोठे कोठे असते. स्पॅनिश दारूगुत्त्यांत व दुकानांत ‘ओई नो से फीआ, मान्याना सी’ अशी पाटी लावतात : ‘आज उधार दिली जात नाही, उद्या दिली जाईल’. दोन दूरच्या भाषांनी एकच विनोद स्वतंत्रपणे साधला आहे, आणि तो विनोद तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार काटेकोर आहे.

‘आज’, ‘उद्या’, ‘मी’, ‘येथे’ अशा शब्दांचा निर्देश उच्चारणाच्या प्रसंगावरून ठरतो. याकोब्सन यांनी १९५७ मधील प्रसिद्ध लेखात व बेन्व्हेनिस्त यांनी आपल्या निबंधांत या शब्दांचे स्वरूप उलगडले आहे. सोमवारी म्हटलेला ‘उद्या’ म्हणजे मंगळवार. पण पाटीला उच्चारणाचा वार नसतो. ती ज्या दिवशी वाचली जाते तो तिचा ‘आज’. म्हणून तिचा ‘उद्या’ कधीच उगवत नाही. शिवाय पाटीला बोलणाराही नसतो. स्पॅनिश पाटीत ‘से’ या अकर्तृक रचनेमुळे उधार देणारा अदृश्य होतो. मराठी पाटीत तर क्रियापदच नाही. वार नाही, कर्ता नाही; त्यामुळे पाटी कोणाचेही देणे लागत नाही. गिऱ्हाईकही ती वाचून हसते, कारण पाटी आपल्याला फसवीत नाही, आपण पाटीबरोबर एक कोडे सोडवीत आहोत, हे त्याला कळते.

लार्राच्या कचेरीतील माणूस नेमके हेच करतो, पण जिवंत तोंडाने. त्याच्या ‘उद्या’ला वार आहे. तो सोमवारी बोलला आहे; बोलणारा तोच आहे आणि ऐकणाराही तोच. तरीही मंगळवारी तो असा बोलतो की जणू सोमवार झालाच नाही. त्याचा दोष अवधी जास्त मागण्याचा नाही, कामाला वेळ लागू शकतो. दोष आहे तो जिवंत शब्दाची पाटी करण्याचा. तो शब्द उच्चारतो, पण त्या शब्दाला त्याच्या वारासह लक्षात ठेवण्याचे नाकारतो.

नित्शेने ‘नीतीची वंशावळ’ (१८८७) या ग्रंथाच्या दुसऱ्या निबंधात वचन देऊ शकणारा प्राणी म्हणून माणसाचा विचार केला आहे आणि त्यासाठी इच्छेची एक स्मृती लागते असे म्हटले आहे. भाषेच्या बाजूने तोच विचार असा मांडता येईल : ‘उद्या’ या शब्दाचे पालन करणे म्हणजे दिवस उलटल्यावर त्याचे योग्य रूपांतर करणे. सोमवारचा ‘उद्या’ मंगळवारी ‘आज’ झाला पाहिजे, आणि काम राहिले असेल तर बुधवारी ‘काल व्हायला हवे होते’ असा झाला पाहिजे. उशीर झाला असताना जो ‘काल व्हायला हवे होते’ म्हणतो त्याने वचन पाळले नसेल, पण त्याने ऋण मान्य केले आहे. म्हणजे ज्याला ते म्हटले होते त्या माणसाला मान्य केले आहे. जो पुन्हा नव्याने ‘उद्या’ म्हणतो, त्याने ऋणाची नोंदच पुसून टाकली. परवाच्या दिवसाला स्पॅनिशमध्ये ‘पासादो मान्याना’ म्हणतात. शब्दशः ‘उद्या उलटून गेल्यावर’. उद्याही उलटून जातो, एवढी जाण त्या भाषेच्या रोजच्या बोलण्यातच आहे. म्हणजे ज्या भाषेवर अनंत उद्यांचा ठपका ठेवला जातो तिच्याच कोशात त्या ठपक्याचे उत्तर आहे. आणि दोष भाषेचा नसून ती अर्धीच वापरणाऱ्याचा आहे.

६

या विवेचनातून भाषांतरकारासाठी काही निष्पन्न होते काय? लार्राच्या शीर्षकाचा विचार करू. ‘बुएल्वा’ हे परत येण्याचे आदरार्थी आज्ञारूप. ‘उस्तेद’ हे आदरार्थी सर्वनाम, म्हणजे ‘आपण’. मराठीत ‘उद्या या’ असे म्हटले की शब्द दोनच उरतात आणि वाक्य आपल्या कचेरीतले होते. पण परत येण्याचा उल्लेख गळतो, आणि त्या लेखाचे सारे दुखणे तर परत परत येण्यातच आहे. ‘आपण उद्या परत यावे’ असे केले तर आदर राहतो, पण ते कोणी प्रत्यक्षात बोलत नाही. ‘उद्या परत या’ हा मधला मार्ग. त्यात ‘या’मधील बहुवचनी आदर शिल्लक राहतो. हा आदर राखणे आवश्यक आहे, कारण तोच त्या वाक्याची ढाल आहे. अरेरावीने हाकलून दिलेला माणूस भांडू शकतो. आदराने परत बोलावलेला माणूस मुकाट्याने जिना उतरतो. भाषांतरात तो आदर गेला तर कारकून उद्धट वाटेल, आणि मग वाचकाला त्याचा दोष चुकीच्या ठिकाणी सापडेल.

दोन म्हणींचा उल्लेख करून थांबतो. स्पॅनिशमध्ये एक म्हण पहाटे उठणाऱ्याला देव साहाय्य करतो असे सांगते. दुसरी तिला उत्तर देते की कितीही लवकर उठलात तरी लवकर उजाडत नाही. मराठीत त्या दुसरीची जोडीदारीण आहे : कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. एकीत माणूस उजाडण्याला ओढू पाहतो, दुसरीत अडवू पाहतो. दोन्हींत तो हरतो. दिवस आपल्या गतीने येतात, आणि म्हणूनच ‘उद्या’ हा शब्द दुसऱ्याला देता येतो. तो आला की नाही हे ठरवणे देणाऱ्याच्या हातात नसते. लार्राने तीन महिने उशिरा का होईना, आपला लेख लिहिला, आणि उशीर झाला असे त्या लेखातच नोंदवले. त्याच्या मोलकरणीने, तिच्या धन्याने व कचेरीने जे केले नाही ते त्याने केले : आपल्या ‘उद्या’ला त्याचा वार परत दिला. आळसाची चर्चा करणाऱ्या त्या लेखात हे एक कर्ज फिटलेले दिसते, आणि परभाषेतील ‘सोपा’ शब्द खरोखर कळला की नाही याची परीक्षाही तेथेच होते. तो शब्द ऐकून कोण किती दिवस थांबला, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ सांगता येत नाही.